बिनदाराची वेस

या, असे कठड्याच्या बाजूने या. कालच्या पावसाने फरशी निसरडी झाली आहे. घर बघायला आलात ना? निंबवट नगरात सगळे आधी हे नदीकाठचे उद्यानच बघतात. हिरवळ, चालायची वाट, रंगीत दिवे. बिल्डर तुम्हाला बाल्कनीतून हेच दाखवील. पण तुम्ही जरा या गल्ल्यांकडे बघा. मोठ्या रस्त्यावरून तीन गल्ल्या सरळ नदीवर उतरतात. दोन गल्ल्यांच्या नदीकडच्या तोंडाला लोखंडी फाटके आहेत, त्यांना कुलपे आहेत. आमच्या गल्लीच्या तोंडाला मात्र नुसते दोन दगडी खांब. पालिकेने इथेही फाटक बसवले होते. गल्लीतल्या लोकांनी ते बिजागरीसकट उपटून पालिकेच्या दारात नेऊन ठेवले. साहेब चिडले. चिडणारच. पण या जागी दार चालत नाही.

असे सांगतात की या इमारती आहेत त्या जागी पूर्वी निंबवट गाव होते. गावाला नदीच्या बाजूने दगडी तट होता आणि हे दोन खांब म्हणजे त्या तटाची खालची वेस. पुढे जिथे आता मुलांची घसरगुंडी आहे, ते सगळे गायरान होते. कापरी नदीला पूर चढू लागला की वेशीत जाड फळ्या बसवायच्या आणि फटी चिकणमातीने लिंपून टाकायच्या. मातीचे काम म्हणून तो मान कुंभारांकडे होता. एकदा लिंपलेली वेस पाणी उतरेपर्यंत उघडायची नाही. उघडली तर गाव गेले.

आणि उघडायचा मोह होतो, कारण पुरात नदी हाका मारते, अशी म्हाताऱ्यांची समजूत. आपल्याच माणसाच्या आवाजात मारते. नदीला सगळ्यांचे सगळे ठाऊक. जन्मभर तिच्यात अंघोळी केल्या, कपडे धुतले, बायका तिच्या काठी बसून मनातले बोलल्या. तिला फक्त एक ठाऊक नसते, ते म्हणजे माणसाचे नाव. ते बारशाला पाळण्यात, कानात सांगितलेले असते. म्हणून नियम असा होता की, बाहेरून हाक आली तर ओ द्यायची नाही. हाक मारणाऱ्याने ज्याला हाक मारली त्याचे नाव घेतले, तरच ते माणूस.

त्या काळी वेस राखायला हैबती कुंभार होता. लग्नाला वर्षही झाले नव्हते. बायकोचे नाव येसू. श्रावणातली दुपार होती, पण आभाळ असे भरले होते की घरात दिवे लावावे लागले. नदी एकाएकी चढली. गायरानातली माणसे धावत आत आली, हैबतीने फळ्या बसवल्या. कुणीतरी म्हणाले, सगळे आले. येसू घरी असेल असे धरून त्याने फटी लिंपायला घेतल्या. येसू गाढवे आणायला गेली होती. एका गाढवीचे शिंगरू चिखलात रुतले होते आणि ते सोडून तिला येववेना.

शेवटची फट लिंपून होते न होते तोच बाहेरून हाक आली.

"अवं, दार काढा की! म्या आलीया!"

हैबतीचे हात फळीवर गेले. मागे सगळा गाव उभा होता, लेकरांसकट. एक म्हातारा म्हणाला, "हैबती, नाव घ्याया सांग."

हैबती ओरडला, "माजं नाव घे! नाव घे, लगीच काढतो!"

मग ती म्हणाली, "त्येवडं सोडून काय बी इचारा. नाव घेतलं तर तुमचं आयुक्ष घटंल. म्या न्हाई घ्यायची."

अहो, तेव्हाच्या बायकांचा हा पक्का समज होता. नवऱ्याचे नाव तोंडातून गेले की त्याच्या आयुष्यातले दिवस जातात. तिने बाकी सगळे सांगितले म्हणे. "सकाळी तुमचं बोट चिरलं, म्या हळद भरली. तुमास्नी भाकरीची करपलेली कड आवडती."

"बोट कुठं धुतलंस?" म्हाताऱ्याने विचारले. हैबती म्हणाला, नदीवर. म्हाताऱ्याने नकारार्थी मान हलवली, म्हणजे ते नदीलाही ठाऊक.

हैबती रडत होता, विनवत होता, "येसू, एकडाव घे गं!" त्याचा हात फळीवरच होता. कुणी तो धरून ठेवला नव्हता, असे सांगतात. मला या गोष्टीत सगळ्यात वाईट वाटते ते इथे.

मग बोलणे थांबले. नुसते पाण्याचे घोंघावणे राहिले.

पूर ओसरल्यावर फळ्या काढल्या. बाहेरच्या कडीला शिंगरू बांधलेले होते, मेलेले. येसू सापडली नाही. पण लोकांना नवल वाटले ते फळ्यांचे. आतून लिंपताना घाईत खाली जी फट राहून गेली होती, ती बाहेरून लिंपलेली होती. मातीवर तिची बोटे उमटली होती. कुंभाराची सून ती, तिला फट दिसली आणि राहवले नाही. गाव वाचले ते तिच्या हाताने.

हैबतीने त्या फळ्या मडकी भाजायच्या आव्यात जाळल्या आणि वेशीला पुन्हा दार बसू दिले नाही. दुसरे लग्न केले नाही. त्याला आयुष्य मात्र फार मिळाले. बरोबरीचे गेले, त्यांची मुलेही म्हातारी झाली, तरी हा या खांबाशी बसून असे. मरण मागे, ते येत नसे. येणाऱ्या प्रत्येक नव्या नवरीला तो हात जोडून म्हणे, "बाई, नाव घेऊन हाक मार. मोट्यानं मार."

तेव्हापासूनची आमची रीत आहे. या गल्लीत उखाणा नाही. नवरी नदीच्या बाजूला उभी राहते, नवऱ्याला नुसत्या नावाने हाक मारते, तो आतून ओ देतो आणि स्वतः जाऊन तिचा हात धरून आणतो. आमची शेवंता पुढे रोज भाजी घेऊन आली की याच खांबापासून हाक मारायची, "दत्तोबा!" चौथ्या मजल्यावर ऐकू यायची. मी चिडायचो, अगं बेल आहे ना. ती जाऊन आता बरेच दिवस झाले. मला नावाने हाक मारणारे या गल्लीत कुणी राहिले नाही. काका म्हणतात, आजोबा म्हणतात.

आजही श्रावणात पाणी घसरगुंडीपर्यंत आले की नदीकडून बाईची हाक येते म्हणे, "अवं." नाव नसते, म्हणून कुणी ओ देत नाही. तसाच नियम आहे. पण दार कुणी बसवत नाही. तिला यायचे असेल तर येता यावे.