तांबरवाडीचा मुका हौदा

कुस्तीच्या या हौद्याला आसपासची गावं मुका हौदा म्हणतात. माती इतर तालमींसारखीच तांबडी आहे, तिच्यात ताक, हळद, तेलही तसंच मुरवलेलं असतं. जत्रेला इथं कुस्त्या लागतात, माणसं चारी बाजूंनी दाटीनं बसतात. पण हलगी वाजत नाही. शिट्टी नाही, आरोळी नाही. पैलवानांचे श्वास आणि अंगावर अंग आपटल्याचा आवाज, एवढंच ऐकू येतं. बाहेरून आलेल्याला वाटतं, हे लोक कुस्तीला बसलेत की मयताला. तुम्ही इथं शरीर कमवायला आलात, तर मातीत पाय टाकायच्या आधी हे ऐकून घ्या. नव्या माणसाला हे सांगायची इथली रीत आहे. मला माझ्या वस्तादांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या वस्तादांनी.

फार मागची गोष्ट. तेव्हा नदीवर पूल नव्हता, पलीकडच्या नांदखोलला जायचं तर नावेनं जावं लागे. त्या काळात तांबरवाडीत रायाजी नावाचा एक गडी होता. लहानपणी हिवतापानं त्याला पार पोखरलं होतं. छाती आत गेलेली, पाय काटकुळे. एकदा खळ्यावर धान्याचं पोतं उचलायला गेला आणि पोत्याखालीच आडवा झाला. सगळं खळं हसलं. हसून लोक कामाला लागले आणि विसरून गेले. रायाजी विसरला नाही.

दुसऱ्या दिवशी तो दौलू वस्तादांच्या तालमीत गेला. वस्तादांनी त्याला नाही म्हटलं नाही. तो जोर मारताना हातातलं बळ सरून मातीत तोंडावर पडे, उठे, पुन्हा पडे. हळूहळू अंग भरत गेलं. मान खांद्यात रुतली, मांड्या खांबासारख्या झाल्या. तो बिडीला शिवला नाही, कुणाच्या लग्नात जागला नाही, आईनं केलेलं गोडधोडही त्यानं बाजूला सारलं. गावातले बाप आपल्या मुलांना त्याचं उदाहरण द्यायला लागले.

वस्तादांना मात्र एक गोष्ट खुपत होती, असं सांगतात. या तालमीत नियम होता, की समोरच्याची पाठ मातीला लागली की वस्ताद ‘सोड’ म्हणत, आणि म्हणताच पकड सुटली पाहिजे. रायाजी सोडायचा, पण एखादा श्वास उशिरा. तेवढ्या श्वासात खालच्याचे डोळे पांढरे व्हायचे. वस्ताद त्याला त्याच गड्याची पाठ चोळायला लावत. तो ओठ घट्ट मिटून चोळायचा. एकदा वस्ताद त्याला म्हणाले, “रायाजी, अंग तुझं ऐकायला लागलं. आता तू कुणाचं तरी ऐकायला शीक.”

त्यांनी त्याला बरीच वर्षं जत्रेच्या कुस्तीत उतरवलं नाही. गावाला ते सोसेना. असा पैलवान घरात ठेवून नांदखोलकडून दरसाल हार का खायची, असं चावडीवर बोललं जाऊ लागलं. शेवटी वस्ताद नमले. पुढं ते स्वतःला त्याबद्दलच दोष देत राहिले, म्हणे.

नांदखोलचा गडी होता गेनू, नावाड्याचा मुलगा. बाप गेल्यावर नाव तोच चालवायचा, त्यामुळं त्याचे दंड न कमावताच पिळदार झालेले. स्वभावानं हसरा. कुस्ती खेळतानाही हसायचा, हरला तरी हसायचा. जत्रेच्या दिवशी हलगी वाजवायला भिवा होता. भिवाच्या हलगीवर भित्रा माणूससुद्धा उभा राहतो, असा त्याचा लौकिक.

कुस्ती लागली. रायाजीनं पकडावं आणि गेनूनं माशासारखं निसटावं, असं चाललं. एकदा रायाजी मोकळ्याच हवेला मिठी मारून पुढं झुकला, गेनू हसला, आणि त्याच्याबरोबर सगळा हौदा हसला. त्या हसण्यात रायाजीला जुनं खळं ऐकू आलं. त्यानं पुढच्या झटक्यात गेनूला उचलून टाकलं. पाठ लागली. कुस्ती झाली. भिवाची हलगी कडाडली, माणसं उठून नाचू लागली. पण रायाजीच्या काखेत गेनूची मान तशीच होती. वस्ताद कडेवरून ओरडले, “सोड.” पुन्हा ओरडले. मग त्यांनी हौद्यात उडी घेतली आणि रायाजीचे हात ओढून काढले. तोवर गेनू हलायचा थांबला होता.

पंच बसले. रायाजीला विचारलं, की वस्ताद सोड म्हणाले ते ऐकलं नाहीस का? तो म्हणाला, “हलगीच्या आवाजात ऐकू आलं नाही.”

सगळ्यांनी भिवाकडं पाहिलं. भिवाला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय चावडीत बोलायची त्याला सोय नव्हती. त्यानं हलगी खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही. ज्या हातांच्या हलगीपायी एक जीव गेला, त्या हातांचं वाजवणं नको, म्हणून लोकांनी त्याला लग्नाकार्याला बोलवणं सोडलं. थोड्याच दिवसांत तो बायकापोरांना घेऊन गाव सोडून गेला.

वस्तादांचा आवाज त्या दिवशी गेला तो गेलाच. ओरडून घसा फाटला, असं काही सांगतात. काही म्हणतात, त्यांना बोलायचंच उरलं नव्हतं. ते रायाजीकडं नुसतं बघायचे. रायाजी मान खाली घालायचा.

त्यानंतर रायाजीचं नाव दूरवर पसरलं. त्याची पकड बसायच्या आधीच समोरचे गडी पाठ टेकू लागले. त्याला फेटे मिळाले, मान मिळाला. झोप मात्र गेली. जेवताना घास हातात धरून तो तसाच बसायचा, असं त्याची आई सांगायची.

काही वर्षांनी दौलू वस्ताद वारले. गावानं त्यांचा फेटा रायाजीच्या डोक्यावर ठेवला आणि तालीम त्याच्या हाती दिली. पहिल्याच सकाळी दोन गडी मातीत झुंजत होते. एकानं दुसऱ्याची पाठ लावली, मान दाबलेली होती. आता ‘सोड’ म्हणायचं काम रायाजीचं. त्यानं तोंड उघडलं, पण शब्द बाहेर येईना. खालच्याचा चेहरा लाल झाला, मग काळवंडला. रायाजी नुसता उभा. तेवढ्यात वरच्या गड्याचं लक्ष त्या चेहऱ्याकडं गेलं आणि त्यानं आपणहून पकड सोडली. खोकणाऱ्या सोबत्याला उठवून पाणी पाजलं. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

रायाजीनं फेटा उतरवला, तालमीत ठेवला आणि नदीवर गेला.

गेनूच्या मागं नाव त्याची आई चालवत होती. सारजाबाई तिचं नाव. तिनं रायाजीला पाहताक्षणी ओळखलं असणार, तरी नावेत घेतलं. नाव मध्यावर आली तेव्हा रायाजी म्हणाला, “आई, मला ऐकू आलं होतं.”

तिनं वल्हं थांबवलं नाही.

“वस्ताद सोड म्हणाले, ते मला नीट ऐकू आलं होतं. पहिल्या हाकेलाच. मी सोडलं नाही.”

मग सारजाबाई बोलू लागली. तिचा आवाज चढला नाही, असं सांगतात. “भिवा दर साली पावसाळा सरला की यायचा. या नावेतच माझ्या पायावर डोकं ठेवायचा. म्हणायचा, मी एवढी जोरात का वाजवली. मी म्हणायची, जाऊ दे बाबा, तुला माफ केलं. औंदा तो आला न्हाई. त्याची बायको आली. मरतानाबी त्येच इचारत होता, म्हणाली.”

रायाजीनं तोंड झाकून घेतलं.

“ज्याची चूक नव्हती त्याला मी माफ करत बसले,” ती म्हणाली. “तुझ्यासाठी आता माझ्याजवळ काई उरलं न्हाई.”

नाव काठाला लागली. त्यानं विचारलं, की मी काय करू? तुमच्या दारात राबतो, पाणी भरतो, नाव चालवतो.

“माझ्या दारात येऊ नकोस,” ती म्हणाली. “ज्यांना खोटं सांगितलंस, त्यांना खरं सांग.”

पुढच्या जत्रेत हौदा भरला, नव्या वाजवणाऱ्यानं हलगी विस्तवावर शेकून ताणायला घेतली. रायाजी लंगोट न लावता, साध्या धोतरात मातीत उतरला. त्यानं हलगी थांबवायला सांगितली आणि जे झालं होतं ते सगळ्यांसमोर सांगितलं. भिवाचं नाव त्यानं मोठ्यानं घेतलं. कुणी धावून आलं नाही, कुणी मारलं नाही. माणसं एकेक करून उठली आणि निघून गेली. चावडीतले पंचही गेले, कारण त्यांनीही त्या दिवशी दुसरा प्रश्न विचारला नव्हता. मातीत तो एकटा उरला.

गावानं त्याला वाळीत टाकलं नाही, पण मान कधी दिला नाही. नांदखोलचे गडी बरीच वर्षं इथं आले नाहीत. रायाजी मात्र प्रत्येक जत्रेला हौद्याच्या कडेला उभा राहायचा. इथं हलगी वाजू नये, कुणी आरोळी ठोकू नये, एवढंच त्यानं गावाकडं मागितलं होतं. लोक म्हणाले, आता कशाला, हलगीचा दोष नव्हता हे तर तूच सांगितलंस. तो म्हणाला, “म्हणूनच. ऐकू आलं न्हाई असं पुन्हा कुणाला म्हणता येऊ नये.”

तो मेला तेव्हा अंगावर मांस उरलं नव्हतं, म्हणे. पहिल्यासारखाच काटकुळा झाला होता. सारजाबाई त्याच्या आधीच गेली होती. तिनं त्याला माफ केलं, असं सांगणारा अजून मला कुणी भेटला नाही.

आजही या मातीत पाठ लागली की वस्ताद कडेवरून ‘सोड’ म्हणतात, ओरडत नाहीत, बोलल्यासारखं म्हणतात. वरच्या गड्यानं हात काढून घ्यायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, “ऐकलं.” तोवर इथं कुस्ती जिंकली असं धरत नाहीत.