कडी लावून बांधलेली चूल

"मग दिलं काय त्यांनी, बुवा? निस्ता पत्र्याचा डबा?"

तुळाजी मठाच्या ओट्यावर आदळलाच. पायताण काढायचंबी भान न्हाई.

भिवाबुवा शेंगा सोलत बसलेले. "पायताण काढ. मग शिव्या दे."

तुळाजीनं पायताण काढलं. शिव्या चालूच.

परदेशातल्या लोकांनी गावाला उन्हावर चालणारा पाण्याचा पंप फुकट दिला हुता. फीत कापली, पेढं वाटलं. दोन म्हयन्यात पंप गप. डब्याला सील. उघडलं तर हमी गेली, आन उघडणारा माणूस सातासमुद्रापल्याड.

"धूर त्यांनी केला, आभाळ त्यांनी तापवलं. आन मला म्हणत्यात, डिझेल जाळू नको! आरं, मग डब्यात काय हाय ते शिकवा की! ते न्हाई. त्याचं वायलं पैसं. आसं देणं आसतंय व्हय, बुवा?"

"न्हाई आसत."

तुळाजी गारच पडला. तो भांडायच्या तयारीनं आला हुता.

"सकाळी भामा आलती," बुवा म्हणालं. "वरच्या वाडीची. डोळं लाललाल. चूल तुंबलीया म्हणं."

तुळाजीनं मान फिरवली.

बिनधुराची चूल बांधावी ती तुळाजीनंच. पाच गावांत दुसरा हात न्हाई. पर बांधताना बायांना भाईर काढायचा, आतनं कडी लावायचा. धुराची वाट आत कशी वळवली, कुणाला दिसू द्यायचा न्हाई. चूल तुंबली की तुळाजी येईस्तवर बाया तीन दगडांवर रांधायच्या, डोळं पुसत.

"जाईन की उद्या..."

"तुला शिकवताना म्या कडी लावलती?"

बुवा उठलं. आत गेलं. चुलीवरचं भांडं खाली उतरवलं, कोपऱ्यातली कुदळ घेतली आन आपल्याच चुलीवर हाणली. चूल भसकन बसली.

"बुवा! आवो, काय केलं हे!"

"भामाला बलीव. समद्या बायांना बलीव. त्यांच्याम्होरं बांध."

तुळाजी त्या ढिगाकडं बघत ऱ्हायला. सगळा ताव उतरला. बोलला तेव्हा आवाज पार आत गेलेला.

"समद्यांनाच आली... तर मला कोण बलवंल, बुवा?"

बुवांनी त्याच्या खांद्यावर उडालेली राख हातानं झटकली. हात तिथंच ठेवला.

"जेवायला बलवतील, येड्या."