सरदाराची तुटकी बांग

फार पूर्वी, घड्याळ फक्त शाळेत असायचं आणि माणसं कोंबड्याच्या बांगेनं उठायची, तेव्हाची गोष्ट. एका ओढ्याकाठी नऊ घरांची वाडी होती. तिथं एक बाई एकटीच राहायची. सगळी वाडी तिला मावशी म्हणायची.

मावशीच्या खुराड्यात सोळा कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबड्याचं नाव सरदार. तो पिल्लू असतानाच त्याच्या आईला मुंगसानं मारलं, म्हणून मावशीनं त्याला चुलीपाशी सुपात ठेवून वाढवलं होतं. त्याची बांग शेवटाला तुटायची, मध्येच खोकला आल्यासारखी. पण वाडीतली पहिली बांग त्याचीच. मग बाकीचे कोंबडे आरवायचे आणि घरोघरी चुली पेटायच्या.

तेव्हाची एक रीत फार गोड होती. कुणाची कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंड्यांवर बसायचा हट्ट धरून बसली, की ज्याला गरज असेल तो तिला मागून न्यायचा. पिल्लं वाढली की कोंबडी परत, आणि तिच्याबरोबर दोन पिल्लं. हल्ली शेजारी विरजण मागायचीही आपल्याला लाज वाटते! मावशीची जांभळी तर अंडी उबवण्यात पटाईत. त्या वर्षी ओढ्यापलीकडच्या सुतारणीनं जांभळीला नेलं, आणि तिच्याखाली ठेवायला मावशीचीच अकरा अंडी नेली.

त्याला अठरा दिवस झाले असतील. एका सकाळी मावशीची एक कोंबडी मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागली आणि दुपारपर्यंत मेली. दुसऱ्या दिवशी आणखी तीन गेल्या. मावशीनं ओळखलं, ही मानमोडी. लहानपणी माहेरी तिनं हा रोग पाहिला होता. तेव्हा पंचक्रोशीत एक कोंबडं राहिलं नव्हतं.

संध्याकाळी तिचा दीर आला.

"वहिनी, उद्या बाजार हाय. ज्या अजून धड आहेत त्या डालग्यात घाला, मी विकून येतो. आन् सरदाराला तुमच्या बहिणीकडं सोडतो. तेवढा तरी वाचंल."

मावशीनं सरदाराकडं पाहिलं. तो तुरा ताठ करून दाणे टिपत होता. त्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. कोंबड्या न्यायचं ते वेताचं डालगं तिनं हातात घेतलंही.

मग तिला माहेरचे ते दिवस आठवले. तिथंही प्रत्येकानं 'तेवढा तरी वाचंल' म्हणूनच आपापली डालगी पाव्हण्यांकडं धाडली होती. रोग त्या डालग्यांत बसूनच गावोगाव गेला होता.

तिनं डालगं खाली ठेवलं. "नको भावजी. बहिणीच्या दारातबी खुराडं हाय."

"बरं, मग निदान गप तरी ऱ्हावा. उद्या वाडीत कोंबडं मेलं, तर लोक तुमच्या नावानं खडे फोडतील."

पण गप्प बसेल ती मावशी कसली! घरात कुणाला गोवर आला की दाराला कडुलिंब लावायची पद्धत होती. तिनं तो कुंपणाला लावला आणि ओरडून सांगितलं, "माझ्याकडं मानमोडी आलीया! माझ्या अंगणात कुणी येऊ नका, आपापल्या कोंबड्या कोंडून घाला!"

वाडी हसली. मावशीच्या कोंबड्यांना गोवर आलाय म्हणाली. पण हसता हसता प्रत्येकानं आपल्या खुराड्याचं दार लावून घेतलं.

तीन दिवसांनी सुतारीण ओढ्याच्या पलीकडून हाका मारत आली. "मावशी, पिल्लं निघाली! अकराच्या अकरा! जांभळीला कधी आणू?"

"तिथंच थांब! ओढा ओलांडू नकोस. मी सांगंन तवा आण. तोवर ती तुझीच."

एकेक करत सगळ्या कोंबड्या गेल्या. मावशी परसात खोल खड्डा खणून, वर चुना टाकून त्यांना पुरायची. नवव्या दिवशी सरदार गेला.

दुसऱ्या दिवशी वाडी उन्हं आल्यावर उठली. बाकीचे कोंबडे सरदाराची वाट बघत गप्प बसले होते, असं म्हणतात. खरंखोटं कोंबड्यांनाच ठाऊक. पण त्या दिवशी कडुलिंबाला कुणी हसलं नाही.

आजूबाजूच्या गावांतही रोग शिरला होता. तिथल्या लोकांनी मात्र आपली डालगी त्या बाजारात नेली होती. महिन्याभरात त्या गावांत सकाळी फक्त कावळे ओरडू लागले. वाडीतली आठ खुराडी मात्र भरलेली राहिली.

नववं रिकामं होतं. मावशीनं जुनं खुराडं जाळलं, अंगणात चुना मारला आणि चार महिने काही पाळलं नाही. सकाळी उठली की सवयीनं ती मूठभर दाणे घ्यायची आणि परत डब्यात टाकायची. अंगण तिला खायला उठायचं.

मग एकदा तिनं स्वतःच कुंपणावरचा वाळलेला कडुलिंब काढला. नवं खुराडं दिरानंच बांधून दिलं. त्याच दुपारी सुतारीण आली. डालग्यात जांभळी होती, आणि रीतीप्रमाणे दोन पिल्लं. आता ती चांगली मोठी झाली होती. एक तलंग, म्हणजे अजून अंडी न घातलेली तरुण कोंबडी, आणि एक कोवळ्या तुऱ्याचा कोंबडा.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या कोंबड्यानं मान उंच केली आणि बांग दिली. शेवटाला तुटकी, मध्येच खोकला आल्यासारखी.

सरदाराला पुरताना न रडलेली मावशी तेव्हा चुलीपाशी बसून पोटभर रडली. बाहेर वाडीतल्या चुली पेटत होत्या.

तात्पर्य: आपल्या घरचा रोग झाकून दुसऱ्याच्या दारी धाडला, तर सगळ्यांचीच खुराडी ओस पडतात; वेळीच बोलून दाखवला, तर आपलं बीज शेजाऱ्याच्या घरी जगतं.