पगडीचा शब्द

“एका इंग्रजी शब्दाला एकच जपानी शब्द! दुसरा दिसला, तर तुझी रवानगी पुन्हा गलबतावर!” पेंडणगडचे महाराज कडाडले.

धाकू खलाशी हादरला. जपानच्या कोबे बंदरात अकरा वर्षं काढून तो नुकताच बायकोजवळ परतला होता. जपानी येतं म्हणून राजवाड्यात चाकरी मिळाली, आणि आता हे!

झालं होतं असं. जपानहून नाकागावासाहेब भेटीला येणार होते. दरबाराचे रिवाज महाराजांनी ऐटीत इंग्रजीत लिहवून घेतले होते. स्वतःला त्यातलं ‘येस’ आणि ‘नो’ एवढंच वाचता येई, तेही चष्मा सापडला तर! पाहुण्यांनी टोपी, झगा आणि जोडे ‘वेअर’ करून यावं, असा त्यात एक नियम होता. धाकूने जपानीत टोपीला ‘काबुरु’ लिहिलं, झग्याला ‘किरु’ आणि जोड्यांना ‘हाकु’, आणि मसुदा महाराजांना वाचून दाखवला.

“इंग्रजांचा एक शब्द, आणि तुझे तीन? तुला जपानी येतच नाही!”

“महाराज, आपणही पगडी बांधता, अंगरखा घालता, धोतर नेसता. जपान्यांचंही तसंच...”

“मला मराठी शिकवतोस?”

शेजारी दिवाणजींनी मान डोलावली. महाराज शिंकले तरी ते मान डोलावत.

या दगडापुढे डोकं आपटण्यात अर्थ नाही, हे धाकूने ओळखलं. तो हात जोडून म्हणाला, “चुकलो, महाराज! तिन्हींतला कोणता ठेवू? आपणच सांगावं.”

“अर्थात पगडीचा! राजाला शोभेल असा!”

“वा! मग कागदावर तेवढा शिक्का मारावा. उद्या कुणी बदलायला नको.”

महाराजांनी खुशीत शिक्का हाणला.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. नाकागावासाहेब आत आले आणि भालदार ललकारी द्यायचंच विसरला. साहेब अनवाणी! डोक्यावर टोपी, टोपीवर झग्याची घडी, आणि सगळ्यांत वर चकचकीत जोडे! एका हाताने डोलारा सावरत साहेब अदबीने वाकले.

“माझ्यापुढे डोक्यावर जोडे?” महाराज लालबुंद झाले. “हा कुठला रिवाज?”

साहेबांनी दुसऱ्या हाताने शिक्क्याचा कागद पुढे केला.

“धाकू!”

“महाराज, ‘काबुरु’ म्हणजे डोक्यावर घालणं. तोच शब्द झग्याला आणि जोड्यांनाही लावायचा हुकूम आपला! साहेब बिचारे रीतीचे. त्यांनी आपला हुकूम शिरसावंद्य मानला, अगदी जोड्यांसकट!”

धाकूला डोळ्यांपुढे गलबत दिसू लागलं. तेवढ्यात दिवाणजींनी सवयीने मान डोलावली, आणि महाराजांच्या ओठाचा कोपरा हलला.

“आणि मी जोड्यांचा शब्द निवडला असता तर?”

“तर साहेब टोपीत पाय घालून आले असते, महाराज!”

महाराज पोट धरधरून हसले. “गलबत राहू दे! बंदरावरचं कौलारू घर आजपासून तुझं. तीन काय, तेरा शब्द लिही! आणि ही घे माझी पगडी!”

धाकूने मुजरा करून विचारलं, “नेसू का, महाराज?”