वाघाचं न उघडणारं पार्सल

तुमचा पणजा रांगत होता ना, तवा जंगलात पार्सलचं गोदाम होतं. जेवण झालं की कासव पेट्यांमधी जरा लवंडायचं. एकदा माकडानं त्याच्या पाठीवर वाघाच्या गुहेच्या पत्त्याची चिठ्ठी चिकटवली. मुकादम हत्तीनं न बघताच त्याला गाडीत चढवलं. माकड पोट धरून हसलं.

संध्याकाळी कावळा वाघाचा निरोप घिऊन आला, "पार्सल उघडंना! चावून दात हलाया लागला. परत न्या!"

हत्ती म्हणाला, "चिठ्ठी लावणाऱ्यानंच माल परत आणायचा. निघा, माकडराव!"

"मुकादम, मस्करी केली वो!"

"मग तिथं बी करा."

माकड गुहेपाशी पोचलं. कवचातनं कासव बोललं, "ये की, गड्या. वाघदादा अजून उपाशीच हायेत, अन् तुला काय कवच न्हाई."