शिशाचे मावळे आणि शत्रूचा हत्ती

घोड्यांच्या पाठीवर धूळ साचावी इतकी जुनी ही गोष्ट. जयवंतरावांनी टेबलावर लढाईचा खेळ मांडायला अंगठ्याएवढे शिशाचे मावळे जमवले होते. पागोट्याची घडीन् घडी रंगवून त्यांनी ते काचेच्या कपाटात उभे केले. पण आणले सगळे आपल्याच बाजूचे. शत्रूला घरात कोण घेणार?

"आमच्यासमोर यायची कुणाची छाती नाही," त्या मावळ्यांचा शिशाचा सरदार रोज म्हणायचा.

एक दिवस जयवंतरावांनी कपाटात शत्रूचा हत्ती ठेवला. त्याचा एक सुळा तडकलेला होता. मावळे खवळले. "याला बाहेर काढा!"

हत्ती म्हणाला, "काढा की. पण सरदार, इतकी वर्षं तुम्ही तलवार उगारून उभे आहात. ती कुणावर?"

तेवढ्यात काच सरकली. जयवंतराव शेजारच्या विमलताईंना म्हणाले, "हत्तीची बाजू तुम्ही घ्या. आज खेळूच."

पहिल्याच डावात हत्तीने सरदाराला आडवं पाडलं.

संध्याकाळी सगळे कपाटात परतले. सरदाराच्या अंगावर धुळीचा कण उरला नव्हता. तो मावळ्यांना म्हणाला, "सरका रे जरा. त्याच्या तडकलेल्या सुळ्याला धक्का लावू नका. उद्या तो धडधाकट हवाय मला."