अळणी तळे

सादडेवाडीहून डोंगर चढायला लागलात की पहिल्या वळणावर उंबराखाली एक सपाट दगड दिसतो. वर जाणाऱ्याने आपल्या शिदोरीतले मीठ त्यावर ठेवून जायचे. चटणी, लोणचे, पापड, अलीकडे तर वेफर्सचे पुडेसुद्धा. पुढे अडीच तासांची चढण, दाट रान, आणि वर दोन वावरांएवढे तळे. तिथे बसून जेवायचे ते अळणीच. शहरातली माणसे तोंड वाकडे करतात, श्रावणात तर जास्तच. तेव्हा वाटेवर पानापानाखाली जळवा टपलेल्या असतात, आणि चिकटलेली जळू सोडवायला नेमके मीठ लागते. चिकटली तर चिकटू द्या, पोट भरले की आपसूक गळून पडते, असे वाडीतले म्हातारे सांगतात. ते ऐकूनच काहींना मळमळते. मग म्हातारे विचारतात, नक्की किळस कशाची येते? आणि जोत्याजी पाटलाची गोष्ट सुरू होते.

फार मागे होऊन गेलेला हा पाटील स्वच्छतेचा भारी भोक्ता. पाणी देणाऱ्याची आधी नखे बघायचा म्हणे. भिकाऱ्याला भाकरी द्यायची ती दुरून, टाकून. कुणी शिंकले तर त्याला अंगणातून उठवायचा. अशा माणसाच्या पोटरीत चिखलणीच्या दिवसांत काटा मोडला. काटा पिकला आणि महिन्याभरात पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा झाला. पू वाहू लागला, माश्या बसू लागल्या. वास असा की सोप्यात माणूस थांबेना. सुना नाकाला पदर लावून ताट दुरूनच सरकवायच्या. अंगारे झाले, लेप झाले. काळेपणा मांडीला पोचला की माणूस जातो, हे पाटलाला ठाऊक होते आणि तो बोटांनी रोज अंतर मोजत होता.

शेवटी पाटलीणबाईंनी ठकूबाईला बोलावले. ठकूबाई पायथ्याशी एकटी राहायची आणि जळवा लावायची. तिच्या मडक्यात तळ्यावरचा चिखल, तळ्याचे पाणी आणि सात जळवा. दर तिसऱ्या दिवशी वर जाऊन ती ताजे पाणी आणायची, पोटच्या लेकींसारखे त्यांना जपायची. मजुरी घेत नसे. तिची अट एकच, आणि तसा तिने तळ्यावरच्या देवीआईला शब्द दिलेला होता. जळवा ज्याचे रक्त पितील त्याने बरे झाल्यावर आपल्या हाताने त्या वर नेऊन तळ्यात सोडायच्या.

मडके बघताच पाटलाने भिंतीकडे तोंड फिरवले. "असली घाण माझ्या अंगाला लावू नका," म्हणाला.

"पाटील, त्वांड फिरवलंत तरी चालंल," ठकूबाई म्हणाली. "पाय तेवढा हिकडं असू द्या."

जळवा लागल्या. नासलेले रक्त पिऊन अंगठ्याएवढ्या फुगल्या. एक दिवसाआड असे सात वेळा झाले. सूज उतरली, ठणका थांबला, आणि पंधरवड्याने पाटील काठीशिवाय उभा राहिला. मरण उंबऱ्यावर असताना त्याने भंडारा उचलून शपथ घेतली होती की जळवा मी स्वतः नेईन, उराशी धरून नेईन. आता मागे फिरायची सोय नव्हती.

श्रावणातल्या सोमवारी दोघे निघाले. पुढे पाटील, हातात पळसाच्या पानांचा द्रोण, द्रोणात ओल्या शेवाळावर सात जळवा. मागे रिकामे मडके घेऊन ठकूबाई. अर्ध्या चढावर द्रोणाच्या काठावरून एक जळू पाटलाच्या मनगटावर उतरली. चावली नाही, नुसती चाचपत राहिली. गार, ओली, गुळगुळीत. पाटलाने ती झटकून द्रोणात पाडली. त्याने मागे पाहिले. ठकूबाई खालच्या वळणावर दम खात होती. त्याने द्रोण खडकावर फेकला, शिदोरीची गाठ सोडली आणि मुठीत आले तेवढे मीठ सातही जळवांवर ओतले.

त्या पिळवटल्या, आखडल्या आणि प्यालेले सगळे त्यांनी ओकून टाकले. खडकावर काळे, गाठाळलेले रक्त पसरले. गरज सरो नि वैद्य मरो, असे आपण सहज म्हणतो. त्या माणसाने ते दिवसाढवळ्या करून दाखवले. सांगणारे म्हातारे इथवर आले की हमखास थुंकतात, आणि ते जळवांवर नव्हे.

ठकूबाई वर आली. पाटील म्हणाला, "किळस आली गं. ऱ्हावलं न्हाय."

तिने खडकावरच्या रक्तात बोट बुडवले आणि त्याच्या नाकाशी धरले. "ह्यो वास वळखतोस? ह्यो त्यांचा न्हाय, तुजा हाय. तुजी घाण त्यांनी पोटात घेतली, आन् तुला त्यांची किळस आली व्हय."

वास सोप्यातलाच होता. पाटलाने ओळखला. ठकूबाईने साती जणी पदरात वेचल्या आणि ती वर चालू लागली. ती पुन्हा खाली आली नाही. कुणी म्हणतात तळ्यात उतरली, कुणी म्हणतात पलीकडच्या खोऱ्यात निघून गेली.

पाय महिन्याभरात पुन्हा पिकला, त्याच जागी. आता पाटील स्वतःच जळवा मागू लागला. गड्यांनी तळ्यावरून आणल्या, पण एकही चिकटेना. पोटरीला दूध लावले, टाचणी टोचून ताजे रक्त काढले. जळवा तोंड फिरवायच्या आणि गळून पडायच्या. शेवटी त्याला डोलीतून वर नेले. डोली वाहणाऱ्यांच्या पायांवर जळवा लोंबत होत्या आणि पाटलाचा पाय पाण्यात तसाच मोकळा. तीन दिवस तो काठावर पाय सोडून बसला. त्याचा वास कुणाला सोसवेना, म्हणून गडी लांब बसले. "या गं बायांनो, चिकटा," असे तो पाण्याला विनवत होता म्हणे. चौथ्या दिवशी तिथेच गेला. जाण्याआधी थोरल्या लेकाला दोन गोष्टी सांगून गेला. उंबराच्या पुढे मीठ जाऊ द्यायचे नाही, आणि जळवा आपल्याला पदरात घेईपर्यंत घरातल्या थोरल्याने दर वर्षी तळ्यात पाय सोडायचा.

आजही श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी वाडी वर जाते, तेव्हा पाटलांचा थोरला सगळ्यांच्या पुढे अनवाणी चालतो. सध्या हा मान विठोजी पाटलांकडे आहे. मागून येणाऱ्या बायापोरांचे पाय रक्ताने माखतात आणि ती ते कौतुकाने एकमेकांना दाखवतात. विठोजी गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहतात. उन्हे कलेपर्यंत वाडी काठावर अळणी भाकरी खात त्यांच्या पायांकडे बघत असते.

यंदा पुण्याची एक मुलगी आली होती. दोन्ही पोटऱ्यांवरून ओघळ, चेहरा रडवेला. बाहेर आलेले विठोजींचे स्वच्छ पाय बघून तिने विचारले, "काका, तुम्हाला एकपण नाही चिकटली? काय लावता तुम्ही?"

"काही नाही लावत, बाळा," विठोजी म्हणाले, आणि पुन्हा पाण्यात उतरले.